आयर्लंडच्या संस्थांतून आलेली माणसे : भरपाई मिळाली, आरोग्याचे काय?

पश्चिमवारा (डब्लिन) – मूळ लेख

२०२५ च्या सप्टेंबरमध्ये डब्लिनच्या लेन्स्टर हाउससमोर, म्हणजे इथल्या संसदेच्या दारात, चार वयस्क माणसे उपोषणाला बसली आणि पन्नासएक दिवस तिथेच बसून राहिली. लहानपणी ती सरकारमान्य औद्योगिक शाळांमध्ये, म्हणजे गरीब-निराधार मुलांना ठेवण्याच्या निवासी संस्थांमध्ये, वाढली होती. इथल्या आपल्या मराठी मंडळींत त्या काळात एकच प्रश्न फिरून फिरून ऐकू येई, की यांना तर सरकारने वीस वर्षांपूर्वीच भरपाई दिली आहे, मग आता ही माणसे कशासाठी बसली आहेत? प्रश्न रास्त आहे. पण त्याचे उत्तर द्यायचे तर थोडे मागे जावे लागते, म्हणून हा धागा काढत आहे. वृद्धांना घरी जाऊन सेवा देण्याच्या क्षेत्रात मी इथे काम करतो, त्यामुळे या विषयाची आरोग्याची बाजू मला अधिक जवळची आहे. कायद्याच्या बाजूबद्दल जाणकारांनी भर घालावी.

आयर्लंडमध्ये १९३६ ते १९७० या काळात चाळीसएक हजार मुले औद्योगिक शाळांत दाखल झाली आणि तिथे सरासरी सात वर्षे राहिली. यांतील बहुतेकांना न्यायालयाच्या आदेशाने पाठवले गेले होते, आणि घरची गरिबी, आईचे अविवाहित असणे किंवा शाळेतील गैरहजेरी याखेरीज त्यांचा दुसरा कोणताही अपराध नव्हता. शाळा चालवत होते कॅथलिक धर्मसंघ आणि दर मुलामागे अनुदान देत होते सरकार, त्यामुळे मुलांची संख्या कमी होणे दोघांपैकी एकाच्या तरी तोट्याचे होते. १९९९ मध्ये सरकारी दूरचित्रवाणीवर या शाळांचा वृत्तपट दाखवला गेला, लोकक्षोभ उसळला आणि त्याच वर्षी ११ मे रोजी पंतप्रधान बर्टी अहर्न यांनी राज्याच्या वतीने माफी मागितली. पुढे चौकशी आयोग नेमला गेला. सरकारी खात्याकडून पुरेसे सहकार्य मिळत नसल्याचे सांगत त्याच्या पहिल्या अध्यक्ष न्यायमूर्ती मेरी लॅफॉय यांनी २००३ मध्ये पद सोडले, आणि न्यायमूर्ती शॉन रायन यांच्या नेतृत्वाखालील अहवाल २० मे २००९ रोजी बाहेर आला. शारीरिक मारहाण हा या शाळांच्या कारभाराचाच भाग होता, आणि मुलग्यांच्या शाळांत लैंगिक अत्याचार बोकाळलेला होता, असे त्या अहवालाने सांगितले.

भरपाईची योजना मात्र अहवालाची वाट न पाहता २००२ च्या कायद्याने सुरू झाली होती. भरपाई मंडळ अर्जदाराला शंभरपैकी गुण देई. अत्याचाराच्या तीव्रतेला कमाल २५, वैद्यकीय दाखल्याने सिद्ध झालेल्या शारीरिक वा मानसिक आजाराला ३०, सामाजिक-मानसिक परिणामांना ३० आणि हुकलेल्या संधींना १५ असे ते वाटलेले होते. सत्तर किंवा अधिक गुण मिळाले तर रक्कम २ ते ३ लाख युरो, आणि पंचविसाच्या आत राहिले तर कमाल ५०,००० युरो. सुमारे १५,६०० जणांना सरासरी ६२,००० युरोंच्या आसपास रक्कम मिळाली. यातली गोम नीट पाहावी. आजार हा गुणपत्रिकेचा मोठा हिस्सा होता, म्हणजे राज्याने लेखी मान्य केले की ही माणसे त्या शाळांमुळे आजारी आहेत; परंतु त्या आजारावर पुढची तीस-चाळीस वर्षे उपचार कोण करणार, याची तरतूद त्या कायद्यात नव्हती. आजाराचे एकदाच पैसे करून फाईल बंद करण्यात आली.

नंतर २०१२ च्या कायद्याने ‘कॅरानुआ’ नावाचा निधी उभा राहिला. धर्मसंघांनी देऊ केलेल्या ११ कोटी युरोंतून घरदुरुस्ती, शिक्षण आणि आरोग्य यांसाठी मदत द्यायची, परंतु रोख रक्कम हातात द्यायची नाही, अशी ती रचना होती. ज्यांना आधी मंडळाकडून किंवा न्यायालयाकडून रक्कम मिळाली होती तेच पात्र ठरत, त्यामुळे २००५ च्या मुदतीत ज्यांना बोलण्याचे धैर्य झाले नाही ते याही दाराबाहेर राहिले. सुरुवातीला मर्यादा नव्हती. मग २०१६ मध्ये माणशी १५,००० युरोंची मर्यादा आली. १ ऑगस्ट २०१८ पासून नवे अर्ज घेणे बंद झाले. श्रवणयंत्र, दातांचे काम, स्नानगृहातील आधाराचे दांडे अशा गोष्टींसाठी पंच्याहत्तरीच्या माणसाने तीन-तीन दरपत्रके गोळा करून पाठवायची आणि मग फोनवर वाट पाहायची, या पद्धतीबद्दल आजही कडवटपणे बोलले जाते.

याउलट मॅग्डलिन धुलाईगृहांतील, म्हणजे धर्मसंघांनी कोंडून ठेवून बिनपगारी कपडे धुवायला लावलेल्या, स्त्रियांना २०१५ च्या कायद्याने वेगळे मेडिकल कार्ड (सरकारी खर्चाने डॉक्टर व औषधे मिळवून देणारे कार्ड) मिळाले, आणि अविवाहित गरोदर स्त्रियांना ठेवत त्या माता-बाल गृहांतील काही जणांना २०२३ च्या कायद्याने. औद्योगिक शाळांतील माणसे ही सर्वांत आधी माफी मागितली गेलेली आणि सर्वांत मोठ्या प्रमाणावर भरपाई दिली गेलेली मंडळी. पण त्यांच्यासाठी अशा कार्डाची तरतूद व्हायला २०२५ उजाडले, आणि तेव्हाही जे मिळाले ते त्यांना हवे असलेले कार्ड नव्हते. त्यांना हवे आहे ‘एचएए कार्ड’. उपोषणाच्या दोन प्रमुख मागण्या होत्या, पूर्ण अंशदायी पेन्शन आणि हे कार्ड. पंतप्रधान मीहॉल मार्टिन यांच्याशी बोलणी झाल्यावर नोव्हेंबरमध्ये उपोषण सुटले.

या कार्डाला एवढे महत्त्व का, ते सांगतो. १९७० च्या दशकापासून आयर्लंडमध्ये आरएच निगेटिव्ह मातांना दिल्या गेलेल्या ‘अँटी-डी’ इंजेक्शनातून आणि दूषित रक्तघटकांतून अनेकांना हेपटायटिस सी झाला. चूक सरकारी रक्तपेढीची होती. त्या रुग्णांसाठी १९९६ च्या आरोग्य दुरुस्ती कायद्याने (हेल्थ अमेंडमेंट ॲक्ट, म्हणून ‘एचएए’) हे कार्ड काढले. त्यात डॉक्टर, औषधे, दात, डोळे, कान, समुपदेशन, फिजिओथेरपी, घरपोच मदत, इतकेच काय, मसाज, ॲक्युपंक्चर आणि जलोपचारसुद्धा येतात. मॅग्डलिन स्त्रियांसाठी शिफारशी करताना न्यायमूर्ती जॉन क्वर्क यांनी २०१३ मध्ये याच कार्डाइतक्या सेवा देण्यास सांगितले होते आणि सरकारने त्यांच्या सर्व शिफारशी स्वीकारल्याचे जाहीर केले होते. प्रत्यक्षात कायदा आला तेव्हा यादी आखूड झालेली होती. त्यानंतरच्या प्रत्येक योजनेने ती आखूड यादीच नमुना म्हणून घेतली आहे.

इथे सत्तरी ओलांडलेल्या बहुतेकांना साधे मेडिकल कार्ड वयामुळे तसेही मिळते, कारण त्यांच्यासाठी उत्पन्नाची मर्यादा बरीच सैल आहे. या योजनांतून मिळणाऱ्या ‘विस्तारित’ कार्डाने नव्याने काय मिळते, तर औषधाच्या प्रत्येक नगामागचे छोटे शुल्क माफ होते आणि घरपोच सेवा, समुपदेशन, फिजिओथेरपी, पायांची निगा यांवर हक्क मिळतो. हक्क कागदावर आणि सेवा देणारा माणूस प्रतीक्षायादीच्या पलीकडे, ही स्थिती मात्र कार्ड बदलल्याने बदलत नाही. माझे मत असे आहे की आयर्लंडने रोख रकमेच्या हिशेबात जेवढी बुद्धी खर्च केली, तिच्या निम्मी जरी सेवांच्या हिशेबात केली असती, तर या वयात कोणाला रस्त्यावर बसावे लागले नसते.

गोदातीर (नाशिक)

लेख मन लावून वाचला. मी काही वर्षे बालगृहांशी संबंधित कामात होते, म्हणून विचारते. माता-बाल गृहांबद्दल आपण एका ओळीत आटोपते घेतले आहे. टूमचे प्रकरण आमच्यापर्यंत बातम्यांतून पोहोचले होते, तेव्हा त्या स्त्रियांना आणि मुलांना नेमके काय मिळाले हे विस्ताराने लिहावे, ही विनंती. दुसरे म्हणजे, आपल्याकडच्या जुन्या संस्थांतील दप्तर पाहिलेल्या व्यक्तीला पहिला प्रश्न हाच पडतो की साठ-सत्तर वर्षांपूर्वी आपण तिथे होतो हे कोणी सिद्ध कसे करायचे? आमच्याकडे नोंदवहीत मुलाचे नाव तीन ठिकाणी तीन प्रकारे लिहिलेले सापडते.

पश्चिमवारा (डब्लिन)

गोदातीर, प्रश्नांबद्दल आभार. टूमचे गृह बॉन सेकूर संघाच्या भगिनी १९२५ ते १९६१ या काळात चालवत होत्या. स्थानिक अभ्यासक कॅथरिन कॉरलेस यांनी तिथे मरण पावलेल्या ७९६ मुलांचे मृत्यूदाखले स्वतः मिळवले, पण त्या मुलांच्या दफनाची नोंद त्यांना सापडली नाही. २०१७ मध्ये माता-बाल गृहांच्या चौकशी आयोगाने जाहीर केले की जुन्या सांडपाण्याच्या टाकीशी संबंधित भूमिगत कप्प्यांत बालकांचे अवशेष आहेत. त्यासाठी २०२२ मध्ये स्वतंत्र कायदा करावा लागला आणि प्रत्यक्ष उत्खनन २०२५ च्या जुलैत सुरू झाले.

न्यायाधीश इव्हॉन मर्फी यांच्या या आयोगाचा अहवाल १२ जानेवारी २०२१ रोजी प्रसिद्ध झाला. १४ माता-बाल गृहे आणि ४ काउंटी गृहे यांत मिळून सुमारे ५६,००० स्त्रिया आणि ५७,००० मुले राहिली होती, आणि त्या मुलांपैकी सुमारे ९,००० मुले दगावली. त्यानंतर आलेल्या २०२३ च्या कायद्याखालील योजना २० मार्च २०२४ रोजी अर्जांसाठी खुली झाली. सरकारचा अंदाज असा होता की सुमारे ३४,००० जण रकमेला पात्र ठरतील आणि १९,००० जण विस्तारित मेडिकल कार्डाला.

या दोन आकड्यांमधील अंतराकडे लक्ष द्यावे. मातेला एका रात्रीच्या वास्तव्यासाठीही रक्कम मिळते, तीन महिन्यांच्या आतील वास्तव्याला ५,००० युरो. पण तिला आरोग्य-कार्ड हवे असेल तर किमान १८० दिवसांचे वास्तव्य लागते. मुलाला तर १८० दिवस पूर्ण झाल्याखेरीज रक्कमही नाही. जन्मानंतर दोन महिन्यांत दत्तक दिले गेलेले मूल आज सत्तरीत असेल, त्याच्या जन्माची नोंद खोटी असेल, आईचे नाव त्याला ठाऊक नसेल, तरी ते ‘पुरेसे राहिले नाही’ म्हणून बाहेर. अशी सुमारे २४,००० माणसे वगळली गेली. विरोधी पक्षांनी आणि संसदेच्या समितीनेही ही अट काढण्यास सांगितले होते. लहान मुलाला आईपासून वेगळे केल्याचा परिणाम ठरण्यासाठी सहा महिने लागतात, असे सांगणारा बालरोगतज्ज्ञ सरकारला कुठे भेटला, हे मला तरी अद्याप उमगलेले नाही.

नोंदींबद्दल सांगायचे तर बऱ्याच गृहांच्या नोंदवह्या बाल व कुटुंब यंत्रणेकडे, म्हणजे ‘टुस्ला’कडे, आणि आयोगाने तयार केलेल्या संग्रहात सांभाळल्या गेल्या आहेत. अर्जदाराने नाव, जन्मतारीख आणि माहीत असेल तेवढा तपशील द्यायचा आणि शोध कार्यालयाने घ्यायचा, ही गोष्ट २००२ च्या पद्धतीपेक्षा निश्चितच माणुसकीची आहे. त्या वेळी अत्याचाराचे वर्णन वकील आणि मंडळाच्या सदस्यांसमोर करावे लागे. आता कोणी काही वर्णन करून सांगावे अशी अपेक्षा नाही, फक्त रात्री मोजल्या जातात. पण रात्री मोजण्याच्या सोयीची किंमत म्हणून तिथे काय घडले हा प्रश्नच विचारात घेतला जात नाही. वांशिक भेदभाव सोसलेल्या मिश्रवंशीय मुलांनी नेमकी हीच तक्रार केली होती.

वकीलवाडी (पुणे)

कायद्याच्या अंगाने दोन मुद्दे मांडतो. पहिला गुप्ततेचा. २००२ च्या कायद्याच्या २८ व्या कलमातील सहाव्या उपकलमानुसार, भरपाईच्या अर्जातील किंवा निवाड्यातील अशी माहिती प्रसिद्ध करणे, जिच्यावरून अर्जदार, आरोपित व्यक्ती किंवा संस्था ओळखू येईल, हा गुन्हा आहे. गंभीर प्रकरणी २५,००० युरो दंड आणि दोन वर्षांपर्यंत कैद. या कलमाचा अर्थ अनेक पीडितांनी, आणि त्यांना सल्ला देणाऱ्यांनीही, असा घेतला की आपल्या स्वतःच्या बालपणाबद्दल बोलायलाच बंदी आहे. पुढे २०१९ मध्ये या सर्व नोंदी ७५ वर्षे मोहोरबंद ठेवण्याचे विधेयकही आले होते. ते पुढे सरकले नाही. आरोग्याशी याचा संबंध असा की ज्या रुग्णाला आपण कायद्याने गप्प बसवले गेलो आहोत असे वाटते, तो डॉक्टरांसमोरही अर्धाच इतिहास सांगतो.

दुसरा मुद्दा हक्कसोडीचा. या सर्व योजना अनुग्रहपूर्वक दिलेल्या रकमांच्या आहेत. राज्य त्यांत आपले कायदेशीर उत्तरदायित्व मान्य करत नाही. रक्कम स्वीकारणाऱ्याने राज्याविरुद्ध दावा न करण्याचे लिहून द्यायचे असते. लुईस ओकीफ विरुद्ध आयर्लंड या प्रकरणात युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने २०१४ च्या जानेवारीत निकाल दिला, की शाळा धर्मसंस्थेच्या व्यवस्थापनाखाली होती एवढ्यावरून मुलाचे अत्याचारापासून रक्षण करण्याची जबाबदारी राज्याला झटकता येत नाही. तो निकाल साध्या प्राथमिक शाळेबद्दलचा होता. पण ज्यांनी त्याआधीच हक्कसोड लिहून दिली होती त्यांना त्याचा उपयोग करून घेण्याची वाट उरली नव्हती. ८० वर्षांच्या माणसापुढे आज ठरावीक रक्कम किंवा दहा वर्षांचा खटला असे दोन पर्याय ठेवले, तर तो निवड करतो असे म्हणणे धाडसाचे आहे.

तिरकस (मुंबई)

अप्रिय बोलतो, क्षमा असावी. पिढ्यांपूर्वीच्या लोकांनी केलेल्या पापांचे पैसे आजच्या करदात्याने किती काळ भरायचे? आयर्लंड श्रीमंत देश आहे, त्याला परवडते. पण प्रत्येक योजनेनंतर ‘हे अपुरे आहे’ असे म्हणणारा एक गट उभा राहतो आणि पुढची योजना येते. कुठेतरी पूर्णविराम हवा की नको? आणि मसाज व ॲक्युपंक्चर सरकारी खर्चाने द्यावे, ही मागणी मला तरी गंभीर वाटत नाही.

पश्चिमवारा (डब्लिन)

तिरकस, आपला प्रश्न करदात्याच्या बाजूने असेल तर तो आधी धर्मसंघांना विचारायला हवा. २००२ च्या जूनमध्ये, निवडणुकीनंतर नवे सरकार येण्याच्या तोंडावर, त्या वेळच्या सरकारने १८ धर्मसंघांशी करार केला. त्यांनी रोख, मालमत्ता आणि सेवा मिळून १२.८ कोटी युरो द्यायचे आणि त्याबदल्यात पुढील सर्व दाव्यांचा भार राज्याने उचलायचा. एकूण खर्च पुढे सुमारे १.५ अब्ज युरोंवर गेला. रायन अहवालानंतर संघांनी आणखी रकमा देऊ केल्या, पण दिलेले वचन आणि हातात आलेला पैसा यांत बरीच वर्षे अंतर राहिले. मॅग्डलिन धुलाईगृहे चालवणाऱ्या चार संघांनी तर स्त्रियांच्या भरपाईत वाटा उचलण्यास साफ नकार दिला. माता-बाल गृहांच्या सुमारे ८० कोटी युरोंच्या योजनेसाठी सरकारने खास वाटाघाटीकार नेमला. त्यातून हाती लागलेली ठळक रोख रक्कम म्हणजे बॉन सेकूर भगिनींचे १.२९७ कोटी युरो. करदात्याच्या खिशाची चिंता मलाही आहे, कारण तो कर मी इथे भरतो.

पूर्णविरामाबद्दल म्हणाल तर तो कालांतराने आपोआपच पडणार आहे, माणसे ऐंशीच्या घरात आहेत. योजना पुनःपुन्हा का काढाव्या लागल्या, याचे कारण मागणाऱ्यांच्या हावेत शोधू नये. प्रत्येक वेळी सरकारने संस्थांची यादी शक्य तितकी छोटी केली आणि वगळलेल्यांना दहा-पंधरा वर्षे भांडावे लागले. डब्लिनचे बेथनी होम प्रॉटेस्टंट होते. २००२ च्या योजनेतून ते वगळले गेले आणि २०२३ च्या कायद्यात आले, तोवर तिथली कितीतरी माणसे संपली होती. मॅग्डलिन योजनेतही धुलाईगृहाच्या आवारातील शेजारच्या इमारतीत ज्यांची नोंद होती पण कपडे धुण्याचे काम ज्या करत होत्या, अशा मुलींना नाकारले गेले. लोकपाल पीटर टिंडल यांनी २०१७ च्या नोव्हेंबरमध्ये या कारभारावर कठोर अहवाल दिला, तेव्हा सरकारने योजना वाढवली.

मसाजबद्दल आपल्याला हसू येणे समजू शकतो. परंतु वयाच्या बाराव्या-चौदाव्या वर्षापासून वाफेच्या धुलाईघरात ओल्या चादरी उचललेल्या स्त्रीचे खांदे आणि कंबर एकदा पाहिली, म्हणजे ती मागणी चैनीची वाटत नाही. शिवाय ज्या कार्डात या सेवा आहेत ते दुसऱ्या एका गटाला याच राज्याने, स्वतःच्याच चुकीबद्दल, तीसएक वर्षांपूर्वी दिलेले आहे.

नाडीपरीक्षा (कोल्हापूर)

वृद्धांवर उपचार करणारा डॉक्टर म्हणून थोडी भर घालतो. मूळ लेखातील ‘घरपोच सेवा’ हा शब्द घाईने वाचून पुढे जाण्यासारखा नाही. बालपण संस्थेत काढलेल्या माणसाला म्हातारपणी नर्सिंग होममध्ये हलवणे म्हणजे काय, याचा विचार करावा. रांगेने ठेवलेल्या खाटा, ठरल्या वेळी जेवण, दुसऱ्याच्या हातून अंघोळ, रात्री फिरणारी पावले, आणि दार आतून बंद करण्याची मुभा नाही. स्मृतिभ्रंश सुरू झाला की अलीकडच्या आठवणी आधी जातात आणि जुन्या वर येतात. म्हणजे नेमक्या त्या वयात, नेमक्या त्या आठवणी जाग्या असताना, आपण त्याला पुन्हा एका संस्थेत नेऊन सोडतो. अशा रुग्णासाठी स्वतःच्या घरात राहता येणे हाच उपचाराचा मोठा भाग आहे आणि त्यासाठी कार्डाइतकीच काळजीवाहू माणसांची उपलब्धता लागते.

आणखी एक गोष्ट दत्तक गेलेल्यांबद्दल. आम्ही पहिल्या भेटीत विचारतो, घरात कोणाला मधुमेह, हृदयविकार, स्तनाचा कर्करोग? ज्याला आईचे नावच माहीत नाही त्याने काय सांगावे? आयर्लंडमध्ये २०२२ च्या जन्ममाहिती व शोध कायद्याने, त्या वर्षीच्या ऑक्टोबरपासून, जन्मदाखला आणि नोंदीत असलेली वैद्यकीय माहिती मिळण्याचा हक्क दिला, असे माझ्या वाचनात आले. माझ्या दृष्टीने तो कायदासुद्धा आरोग्यसेवेतच मोडतो. याच माता-बाल गृहांत १९३० च्या दशकापासून १९७३ पर्यंत मुलांवर लसींच्या चाचण्या झाल्या आणि त्यांसाठी योग्य संमती घेतली गेली नव्हती, हेही आयोगाने नोंदवले आहे. ज्याला आपल्यावर ती चाचणी झाली का हे जाणून घ्यायचे असेल, त्याला केवळ मेडिकल कार्ड देऊन भागत नाही, त्याचे कागद हवेत.

दातांबद्दल कोणी लिहिले नाही, म्हणून विचारतो. कुपोषण आणि उपेक्षा यांची खूण तोंडात आयुष्यभर राहते. या कार्डांवर दातांचे उपचार कितपत मिळतात?

पश्चिमवारा (डब्लिन)

डॉक्टरसाहेब, नर्सिंग होमबद्दल आपण लिहिलेत ते शब्दशः खरे आहे. कामावर आम्हांला सर्वाधिक वेळा ऐकू येणारी विनवणी ‘मला कुठे पाठवू नका’ हीच असते. घरी येणारी सेविकाही दर आठवड्याला बदलू नये, अंघोळ घालण्यापूर्वी विचारावे, गणवेशाऐवजी साधे कपडे घालावेत, एवढ्या गोष्टींनी फार फरक पडतो, आणि यांतील कोणतीही गोष्ट कार्डावर लिहिलेली नसते. इथल्या घरपोच सेवेत आज केरळच्या आणि काही प्रमाणात आपल्याही मुली काम करतात. त्यांना प्रशिक्षणात या इतिहासाची ओळख करून द्यावी, असे मला तीव्रतेने वाटते.

दातांची तक्रार मॅग्डलिन स्त्रियांच्या कार्डापासूनच आहे. कार्डधारकांसाठीच्या सरकारी दंतयोजनेत उपचारांची यादी तोकडी आहे आणि त्या योजनेत काम करणाऱ्या दंतवैद्यांची संख्या घटत आली आहे. क्वर्क यांच्या शिफारशीतील दर्जा आणि कार्डावर मिळणारा दर्जा यांतला फरक सर्वांत लवकर उघडा पडला तो इथेच.

समुपदेशनाच्या बाबतीत मात्र राज्याला श्रेय द्यायला हवे. बालपणी अत्याचार सोसलेल्या प्रौढांसाठी २००० मध्ये राष्ट्रीय समुपदेशन सेवा सुरू झाली, ती विनामूल्य आहे आणि तिच्यासाठी भरपाईच्या निवाड्याची अट नाही.

यारानदी (मेलबर्न)

इथल्या अनुभवाशी ताडून पाहावे म्हणून लिहिते. ऑस्ट्रेलियात २०१३ ते २०१७ या काळात शाही आयोगाने संस्थांतील बाललैंगिक अत्याचारांची चौकशी केली आणि १ जुलै २०१८ पासून राष्ट्रीय भरपाई योजना सुरू झाली. रक्कम कमाल १,५०,००० डॉलर, सोबत समुपदेशन, आणि पीडिताची इच्छा असेल तर संबंधित संस्थेच्या वरिष्ठ प्रतिनिधीकडून समक्ष क्षमायाचना. अर्जांची मुदत ३० जून २०२७ ला संपते. आयोगाने सुचवलेली कमाल रक्कम २,००,००० डॉलर होती, ती कमी केली गेली. समुपदेशन आयुष्यभर मिळावे अशी शिफारस होती, तिचेही अनेक राज्यांत ठरावीक रकमेत रूपांतर झाले. म्हणजे आजारपणाचा हिशेब एकदाच मिटवून टाकण्याची घाई आयर्लंडपुरती नाही. एक बाब मात्र इकडे बरी आहे. योजनेत सामील न होणाऱ्या संस्थांची नावे सरकार जाहीर करते आणि धर्मादाय संस्था म्हणून मिळणाऱ्या सवलती काढून घेण्याची तरतूदही केली गेली. आयर्लंडच्या धर्मसंघांना असा काही चिमटा का काढता आला नाही?

वकीलवाडी (पुणे)

यारानदी, २००२ च्या करारातच राज्याने संघांचे दायित्व अंगावर घेतले होते. तिथे आपलेच हात बांधून घेतल्यावर पुढच्या प्रत्येक वेळी ‘स्वेच्छेने द्या’ असे विनवण्यापलीकडे सरकारकडे फारसे बळ उरले नाही. धर्मसंघांच्या मालमत्ता विश्वस्त संस्थांकडे वर्ग झाल्याने वसुलीचा मार्ग आणखी कठीण झाला.

गोदातीर (नाशिक)

विषयांतर होणार नाही इतपत आपल्याकडचे लिहिते. मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेच्या ‘कोशिश’ गटाने बिहारमधील निवारागृहांची पाहणी केली, म्हणून २०१८ मध्ये मुझफ्फरपूरचे प्रकरण उघडकीस आले. २०२० मध्ये मुख्य आरोपीला जन्मठेप झाली. चर्चा शिक्षेशी थांबली. त्या मुलींच्या पुढच्या आयुष्यातील उपचारांची जबाबदारी कोणाची, हे फारसे कोणी विचारले नाही. आपल्या बालन्याय कायद्यात अठराव्या वर्षी संस्था सोडणाऱ्या मुलाला अर्थसाहाय्याची आणि अनुरक्षणगृहाची तरतूद आहे, महाराष्ट्राने २०१८ मध्ये अनाथांसाठी नोकरी व शिक्षणात एक टक्का आरक्षणही आणले. परंतु हे सर्व पुनर्वसन झाले. संस्थेत असताना झालेल्या इजेबद्दल राज्याने पुढे कायम काही देणे लागते, ही कल्पनाच आपल्याकडे रुजलेली नाही. म्हणून आयर्लंडमधील त्रुटींसह ही माहिती मला उपयोगी वाटली. नोंदवह्या जपून ठेवा, एवढे तरी मी आमच्या संस्थांना यापुढे अधिक जोर देऊन सांगेन.

टेम्सकाठ (लंडन)

एक व्यावहारिक प्रश्न आहे. आमच्या इमारतीत एक आयरिश आजी राहतात. तरुणपणी त्या अशाच एका गृहात होत्या आणि नंतर नावेने इंग्लंडला आल्या, एवढेच त्या सांगतात. त्या इथल्या उत्पन्नाधारित सरकारी भत्त्यांवर जगतात. कोणीतरी त्यांना घाबरवले आहे की आयर्लंडचे पैसे घेतले तर इथले भत्ते आणि घरभाड्याची मदत बंद होईल. यात तथ्य आहे का? आणि मेडिकल कार्ड त्यांना इथे काय कामाचे?

पश्चिमवारा (डब्लिन)

टेम्सकाठ, भीती निराधार नाही. पन्नास-साठच्या दशकांत त्या गृहांतून सुटलेल्या स्त्रियांपैकी फार मोठ्या संख्येने इंग्लंडची वाट धरली, त्यामुळे हा प्रश्न हजारोंचा आहे. आयर्लंडमध्ये माता-बाल गृहांच्या योजनेची रक्कम सरकारी मदतीसाठी उत्पन्न म्हणून धरली जात नाही. ब्रिटनमध्ये मात्र ती बचत समजली जाण्याचा धोका राहिला आहे, आणि तिथल्या युनिव्हर्सल क्रेडिटसारख्या भत्त्यांना १६,००० पौंडांची मर्यादा आहे. ही रक्कम वगळावी म्हणून ‘फिलोमिनाज लॉ’ या नावाने ब्रिटिश संसदेत विधेयक मांडले गेले. त्याची आजची स्थिती आजींनी अर्ज करण्यापूर्वी तिथल्या आयरिश कल्याण केंद्रात विचारून घ्यावी. तिथे हे काम जाणणारे लोक असतात आणि ते शुल्क घेत नाहीत.

अर्ज परदेशातून करता येतो, त्यासाठी वकील लागत नाही, आणि योजना पाच वर्षे खुली राहणार असल्यामुळे घाबरून घाईने सही करण्याचे कारण नाही. देकार आल्यावर तो स्वीकारायला सहा महिने मिळतात, आणि हक्कसोडीवर सही करण्याआधी स्वतंत्र वकिलाचा सल्ला घेण्यासाठी ठरावीक साहाय्यही मिळते. मेडिकल कार्ड आयर्लंडबाहेर चालत नाही, म्हणून परदेशी राहणाऱ्यांना १८० दिवसांची अट पूर्ण होत असल्यास त्याऐवजी एकदाच ३,००० युरो घेण्याचा पर्याय आहे. उरलेल्या आयुष्याच्या आरोग्यसेवेची ही किंमत मला हास्यास्पद वाटते, पण आजी परत आयर्लंडला राहायला येण्याचा विचार करत नसतील तर त्यांनी ती घ्यावी. येण्याचा विचार असेल, तर आधी तसे केंद्रातील माणसाला सांगावे आणि मगच दोहोंपैकी एका चौकोनात खूण करावी.